चाळणीवरचा कोंडा

ज्या वैशाखात कारभारीच्या लेकीचं, भागूचं, लग्न झालं, त्याच वर्षी पुढं पाऊस आला नाही. म्हणजे साल बहात्तर. मांडव उतरवताना पाहुणे म्हणाले होते, घरात शुभकार्य झालंय, यंदा पीक छातीला लागंल. पण आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला, आणि दिवाळीनंतर पाथर्डीकडच्या विहिरींत वाकून पाहिलं तर नुसती कपार दिसू लागली. माणसं ऊस तोडायला गेली, राहिलेली खडी फोडायला गेली. तेव्हा कारभारी एस.टी.नं गावी गेला आणि आपल्या थोरल्या बहिणीला, आक्काबाईला, केडगावच्या घरी घेऊन आला. ती यायला तयार नव्हती. शेळी कुणाला देऊ, घराला कुलूप कसं लावू, असं म्हणत राहिली. त्यानं तिचं गाठोडं बसच्या टपावर टाकलं तेव्हा कुठं ती चढली. आणि पौषातल्या एका सकाळी, ड्यूटीवर जायच्या आधी म्हशीला वैरण टाकावी म्हणून तो मागच्या शेडात गेला, तर तिथं आक्का उकिडवी बसली होती. कोंड्याच्या डब्याचं झाकण शेजारी काढून ठेवलेलं होतं. ती मुठीनं कोंडा घेत होती आणि तोंडात टाकत होती. म्हैस आपली मान लांब करून तिच्याकडं बघत होती.

तो तसाच मागं सरला. पायातली चप्पल वाजू नये म्हणून त्यानं ती हातात घेतली, आणि आपल्याच घरात आपण चोरासारखे चालतोय हे त्याला ओसरीवर आल्यावर कळलं. राहीबाईनं, त्याच्या बायकोनं, चहा पुढं केला. तो त्यानं उभ्यानंच घशात ओतला. सायकल काढली. पुणे रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं, फक्त एक आवाज होता. कोरडा कोंडा दाढेखाली येतो तेव्हा होतो तो आवाज. म्हशीचा नव्हे, माणसाचा. शेडात तो आवाज त्याला ऐकू आला होता की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. पण तो आवाज त्याला ओळखीचा होता. चाळीस वर्षांपूर्वीचा होता. समोरून ट्रक गेला, धुळीचा लोट अंगावर आला, आणि धुळीची चवसुद्धा त्याला कोंड्यासारखी लागली.

आई गेली तेव्हा कारभारी रांगत होता. आक्का त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं होतं, पण नवरा पटकीनं गेला आणि ती कपाळ पुसून माहेरी परत आली, आणि तिनं भावाला कडेवर घेतलं. तो मोठा होत होता त्या वर्षांत एक दुष्काळ असाच पडला होता. बापानं पेवातली ज्वारी काढली, तिला वास येत होता. आक्का पहाटे जात्यावर बसायची. पीठ पडलं की चाळणीत घ्यायची आणि मांडी घालून चाळायची. हातात काकणं नव्हती, नुसता चाळणीचा हिसका ऐकू यायचा. खाली पडायचं ते पांढरं पीठ. त्याची भाकरी बापाला आणि कारभारीला. वर राहायचा तो कोंडा. त्यात ती तरवडाचा पाला घालायची, मीठ घालायची, आणि तव्यावर थापायची. ती भाकरी थापताना तुटायची. तुकडे गोळा करून ती ते चुलीच्या तोंडाशी बसून खायची, पाठ इकडं करून. कारभारीनं एकदा हात पुढं केला होता. "तुझं न्हाई हे," ती म्हणाली होती, "मला आवडतं म्हणून मी खाते. तू आपली चांगली खा." आणि लहान मुलानं मोठ्या माणसाचं मानावं तसं त्यानं ते मानलं होतं. आक्काला कोंडा आवडतो. कितीतरी वर्षं त्याला तसंच वाटत होतं. मिसरूड फुटल्यावर कधीतरी, गावातल्याच कुणाच्या घरी जेवताना, ताटाकडं बघता बघता त्याला अचानक कळलं की असं काही कुणाला आवडत नसतं; आणि त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला.

एस.टी.च्या वर्कशॉपात त्या दिवशी त्याच्याकडं डिझेलचे फिल्टर होते. फिटर म्हणून तो जुना होता, हात आपोआप चालायचे. जाळी काढायची, रॉकेलमध्ये धुवायची, वर अडकलेला गाळ काढून टाकायचा. गाडीला जायचं ते स्वच्छ, अडकलं ते फेकायचं. आजवर त्याला यात कधी काही दिसलं नव्हतं. आज तो गाळ बोटावर घेऊन बघत राहिला, तेव्हा शेजारचा आसाराम म्हणाला, "काय कारभारी, चाटून बघतो काय?" आणि सगळे हसले. तोही हसला. पण त्याला घाम फुटला होता. आक्का उपाशी आहे. आपल्या घरात. लोक म्हणतील, बहिणीला आणलं आणि म्हशीचं खायला लावलं. शेजारच्या बायडाबाईनं पाहिलं असेल का? तिच्या खिडकीतून शेड दिसतं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली, की आपल्याला आधी बायडाबाई आठवली, आक्काचं पोट नंतर.

खरं तर उपाशी राहण्याजोगं घरात काही नव्हतं. रेशनवर त्या वर्षी मिलो हा परदेशातला तांबडा, ज्वारीसारखा दाणा मिळायचा. कारभारी आणि राहीबाई त्याचीच भाकरी खायचे, घशात टोचायची तरी. पण आक्कासाठी त्यानं गहू मिळवला होता. ती आली त्या दिवशीच त्यानं बायकोला बजावलं होतं: "पीठ दोनदा चाळायचं. वरून फडक्यातून गाळायचं. माझ्या घरात आक्काच्या ताटात कोंड्याचा कण दिसता कामा न्हाई." राहीबाई पीठ वस्त्रगाळ करायची आणि पापडासारख्या पांढऱ्या पोळ्या लाटायची, वर तूप. आक्का पहिल्या दिवशी त्या पोळीकडं बघून म्हणाली होती, "हे काय, सणय का आज?" आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी काही बोलली नव्हती. कारभारी रोज रात्री तिच्या समोर बसून तिचं जेवण बघायचा. त्याला त्यात जे सुख व्हायचं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर जे राहून गेलं होतं ते एकेका पोळीनं भरून येतंय, असं ते सुख होतं.

संध्याकाळी त्यानं राहीबाईला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "तू आक्काला पोटभर वाढतीस का न्हाई?"

राहीबाईचे हात पिठाचे होते. ते तिनं कमरेवर ठेवले. "हे काय नवीन? आपन दोघं मिलो चावून चावून दात झिजवतो आणि वन्संना तूप-पोळी. माझ्या आईला मी हे केलं न्हाई. आनि मलाच इचारता व्हय?"

"मग ती म्हशीचा कोंडा का खाती?"

राहीबाईनं लोटलेल्या दाराकडं पाहिलं. तिला माहीत होतं, हे त्याला दिसलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अवं, त्यांचं पोट साफ हुईना. आल्यापासून. पाच-पाच, सहा-सहा दिवस. मलाबी त्यांनी सांगितलं न्हाई, मीच वळखलं. मैद्यासारखी पोळी ती, आत चिकटून बसती. तिकडं त्या जाडीभरडी खायच्या, रानात जायच्या. इथं तुमी बांधलेला तो पत्र्याचा संडास, सैपाकघराला खेटून. त्यांना वाटतं, भावाला ऐकू जाईल. इचारलं तवा म्हनाल्या, राही, थोडा कोंडा मिळाला असता तर बरं वाटलं असतं, पर तुझ्या नवऱ्याला कसं सांगू."

"मग द्यायचास."

"मी दिला असता आनि तुमी ताट भिरकावलं असतं."

हे खरं होतं. म्हणून त्याला राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आक्काला नगरला विष्णुपंत डॉक्टरांकडं नेलं. सायकलवर नाही, टांग्यानं. विष्णुपंत म्हातारे होते, काळी टोपी घालत, आणि पेशंटशी गप्पा मारत मारत पोट दाबून बघत. आक्कानं पदर तोंडावर घेतला होता. डॉक्टर जे विचारत त्याला ती मान हलवून उत्तर द्यायची, आणि मान कुठल्या बाजूला हलली ते कारभारीला भिंतीकडं तोंड करून उभा असल्यानं दिसत नव्हतं.

"औषध सोपं आहे," विष्णुपंत म्हणाले. "पीठ चाळू नका. वर आणखी कोंडा घाला."

"डॉक्टर, जनावराचं खानं आहे ते."

"म्हणून तर जनावराला माझ्याकडं यावं लागत नाही. अहो कारभारी, आतड्याला काहीतरी ढकलायला लागतं. तुम्ही हिला नुसतं गुळगुळीत घालताय. आत ढकलायला काही नाहीच. हल्ली परदेशातले डॉक्टरसुद्धा हेच लिहायला लागलेत."

"किती घालायचा?"

हे त्यानं विचारलं तर खरं, पण विष्णुपंत काय म्हणाले ते त्याच्या कानात शिरलं नाही. मूठ असं काहीतरी ते म्हणाले, पाणी असं काहीतरी म्हणाले. त्याच्या मनात एवढंच घोळत होतं की आता मी माझ्या हातानं, पगारदार माणूस, लेकीचं लग्न लावून दिलेला, हिच्या ताटात तेच वाढायचं. हिनं चाळीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी जे गिळलं तेच पुन्हा हिला गिळायला लावायचं, आणि तेही घरात गहू असताना. परत येताना टांगा बाजारात थांबवून त्यानं एरंडेलाची बाटली घेतली. बाटलीला लेबल होतं, बूच होतं. दुकानातलं औषध होतं ते. घरी आल्यावर त्यानं कोंड्याचा डबा शेडातून उचलून कोठीत ठेवला आणि कोठीला कुलूप लावलं. म्हशीला आंबोण द्यायची वेळ झाली की तो स्वतः कुलूप काढायचा, कोंडा पेंडीबरोबर भिजवायचा, आणि पुन्हा लावायचा. आक्का ओसरीवर बसून हे बघायची. एकदाच म्हणाली, "म्हशीचं चांगलं चाललंय बघ," आणि हसली. ते हसणं त्याला दिवसभर टोचत राहिलं.

एरंडेलानं एकदा पोट झालं. मग ती दोन दिवस पडून राहिली. नंतर पुन्हा तेच, आणि पुन्हा एरंडेल. तिचा चेहरा सुकत चालला, पोट मात्र घट्ट होत गेलं. जेवण सुटलं. "भूक न्हाई रं," म्हणायची आणि पोळीचा चतकोर हातात धरून बसायची, कारभारी समोर आहे म्हणून. तो समोरून उठला की तो चतकोर ती राहीबाईच्या हातात द्यायची. एका दुपारी तो ड्यूटीवरून आला तर ती पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती आणि तिच्या ओठांवर घाम होता. ती कण्हत नव्हती. तिला कधीच कण्हता येत नव्हतं. त्याला एकदम वाटलं की ही आता जाणार. आपल्याच घरात जाणार, वस्त्रगाळ पीठ खाऊन. तो उंबऱ्यावरच बसला.

राहीबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधी त्याच्याशी तशी बोलली नव्हती. "तुमाला बहीन पायजे का तुमचा मान पायजे, ते आज ठरवा. दोनी न्हाई मिळायचं."

विष्णुपंत घरी आले. एनिमा दिला, तो द्यायला त्यांच्याकडची नर्स आली होती, आणि तास-दीड तास कारभारी आणि राहीबाई बाहेर अंगणात उभे होते. नर्स बाहेर येऊन "झालं" म्हणाली तेव्हा राहीबाईनं हात जोडले. डॉक्टर हात धूत होते. "आणखी दोन दिवस गेले असते तर आतड्याला पीळ पडला असता," ते म्हणाले. "मग कापाकापी. या वयात. मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"किती सांगितलं होतं तुमी?" कारभारीनं विचारलं. आता त्याला खरंच ऐकायचं होतं.

विष्णुपंतांनी आत जाऊन आक्काचा हात धरला आणि तिची मूठ मिटवून त्याला दाखवली. लहानशी मूठ होती, कातडीच्या सुरकुत्यांनी बांधलेली. "ही मूठ. तुमची नव्हे. पहिले चार दिवस अर्धीच, मग एक सकाळी, एक संध्याकाळी. पिठात मळून. कोरडा फाकायचा नाही. जोडीला पालेभाजी मिळाली तर बघा, या वर्षी कुठली मिळणार म्हणा. आणि त्याच्यावर पाणी, भरपूर. कोंड्याला पाणी लागतं. पाणी नाही दिलं तर आत सिमेंट होतं. राहीबाई म्हणाल्या, शेडात बसून कोरडा खात होती, त्यानं उलट आवळलं असणार."

कुलूप निघालं. राहीबाईनं न चाळलेल्या पिठात कोंडा मिसळला आणि जाड भाकरी थापली. आक्कानं ती खाल्ली. कारभारी नेहमीसारखा समोर बसला होता, पण ताटाकडं त्याला बघवेना म्हणून तो तिच्या तोंडाकडं बघत होता. आणि तसं बघता बघता त्याला दिसलं की तिनं तांब्या उचलला, ओठाला लावला, आणि तसाच खाली ठेवला. ओठ ओले झाले, गळा हलला नाही. त्यानं तांब्यात डोकावून बघितलं. पाणी होतं तेवढंच होतं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी तेच. "आक्का, पानी पी." "प्याले की." ती प्यायली नव्हती.

हे त्याला माहीत असायला हवं होतं. त्या दुष्काळात ती दोन कोसांवरच्या झऱ्यावर जायची, वाटीनं घागर भरायची, आणि घरी आल्यावर तांब्या ओठाला लावून ठेवायची. बापाला वाटायचं ही प्यायली. कारभारीला वाटायचं ही प्यायली. कोंड्याचं त्याला मिसरूड फुटल्यावर कळलं. पाण्याचं आज कळत होतं, केस पिकल्यावर. आणखी काय काय असेल जे आपल्याला कधीच कळणार नाही, असं त्याला वाटलं. केडगावातही त्या वर्षी नळ कोरडेच होते. सरकारी टँकर यायचा आणि विहिरीत पाणी ओतून जायचा. मग बायका पोहरे सोडून ते गढूळ पाणी शेंदायच्या, भांडायच्या. राहीबाई रोज दोन घागरी आणायची, मान मोडून. आक्का ते बघत होती. दुसऱ्या बाईनं डोक्यावर आणलेलं पाणी ती पिणार नव्हती. हे सांगून सुटणारं नव्हतं. डॉक्टरांच्या बापालाही सुटणारं नव्हतं.

रविवारी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा कारभारीनं घागर उचलली. विहिरीवर सगळ्या बायकाच होत्या. त्याला बघून क्षणभर गलका थांबला. मग बायडाबाई म्हणाली, "काय भाऊजी, राहीनं बांगड्या भरल्या का तुमच्या हातात?"

"भरल्या की," तो म्हणाला. "मापाच्या न्हाई मिळाल्या, म्हणून दिसत न्हाईत."

बायका हसल्या आणि हसता हसताच त्यांनी त्याला जागा दिली. पोहरा सोडताना दोर त्याच्या तळव्यातून सर्रकन गेला, कातडं सोललं. खांद्यावर घागर घेऊन येताना पाणी हिंदकळून पाठीवर सांडत होतं, थंड, आणि प्रत्येक हिंदकळण्याला त्याच्या तोंडून 'अरे' निघत होतं, जणू कुणी त्याच्या हातून ओढूनच घेतंय. घरी येऊन त्यानं घागर आक्कासमोर ठेवली. वस्त्र लावून गाळली, तुरटी फिरवली. मग तांब्या भरला.

"हे राहीनं आनलेलं न्हाई," तो म्हणाला. "मी आनलंय. माझ्या पाठीवर निम्मं सांडलं, उरलेलं तू सांडू नको."

आक्का त्याच्या सोललेल्या तळव्याकडं बघत होती. तिनं तांब्या उचलला. गळा हलला. पुन्हा हलला. ती बराच वेळ पीत राहिली आणि मध्येच दम घ्यायला थांबली तेव्हा तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ते तिनं पुसलं नाही.

"राही," कारभारी म्हणाला, "मलाबी तीच भाकर वाढ."

राहीबाईनं वाढली. तो आक्काच्याच ताटात जेवायला बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून. तुकडा मोडला. त्याला वाटलं होतं की घशात अडकेल, की डोळ्यांत पाणी येईल, की चाळीस वर्षांचं काहीतरी त्या घासाबरोबर वर येईल. तसं काही झालं नाही. कोंडा दाताखाली कुरकुरला. थोडा गोडसर लागला. भाजलेल्या गव्हाचा वास आला, आणि त्याच्या मागं दुसरा एक वास, जो त्याला आधी ओळखू येईना: तो आक्काच्या तोंडाचा वास होता. ती त्याला झोपवताना तोंडाशी तोंड आणून गुणगुणायची तेव्हाचा. म्हणजे हा वास आपल्याला घाणेरडा कधीच वाटला नव्हता. या वासातच आपण झोपी जात होतो.

"कशी लागती?" आक्कानं विचारलं.

"बरी लागती."

"मग? मी म्हनत न्हवते तुला? मला आवडायचीच म्हनून."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हाचं काही शोधता येईल तर बघावं म्हणून पाहिलं. ती शांतपणे चावत होती. तिला खरंच आवडायची? का त्याच्या जिवाला लागू नये म्हणून ती आजही तेच सांगत होती, त्याच ठिकाणावरून, तेवढ्याच सहजपणे? खरंच आवडत असेल तर आपण आयुष्यभर जे ओझं वाहिलं ते कशाचं होतं. आणि आवडत नसेल तर ही बाई अजूनही आपली पाठ फिरवून चुलीच्या तोंडाशी बसलेली आहे, आणि आपण हात पुढं करून उभे आहोत. एक प्रश्न विचारला असता तर कदाचित कळलं असतं. तो प्रश्न त्याच्या जिभेवर भाकरीच्या तुकड्याशेजारी आला होता. पण आक्कानं आपल्यापुढची भाकरी मोडली आणि मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला, न बघता, आणि तो प्रश्न त्यानं भाकरीबरोबर गिळला. वर पाणी प्यायला. पाण्यात तुरटीची चव होती.

माघ संपेस्तोवर तिचं पोट जागेवर आलं. राहीबाई भाकरीच्या वेळी तिला चिडवायची, "वन्सं, मूठ दाखवा बघू, तुमी हळूहळू बोटं लांब करायला लागला." आणि आक्का मूठ झाकून घ्यायची. कारभारी रविवारी पाणी आणायचा. बायडाबाई त्याला 'पाणक्याबाई' म्हणू लागली होती, आणि तो ओ द्यायचा. घरात चाळणी वापरात राहिली नाही. फडक्यातून पीठ गाळायचं तर कुणी नावच काढलं नाही. कधी कधी जेवताना तो आक्काकडं बघायचा आणि तोंड उघडायचा. ती म्हणायची, "काय?" तो म्हणायचा, "काय न्हाई." पुढच्या वर्षी पाणी झालं तशी ती हट्टानं गावी गेली, शेळी परत आणली, आणि आपल्या चुलीवर आपल्याला हवी तशी भाकरी थापू लागली.

आक्काबाई चौऱ्याहत्तर साली, माघ वद्य पंचमीला, पाथर्डी तालुक्यातल्या तिच्या घरी थंडीतापानं वारली. कारभारी पोचला तेव्हा ती गेलेली होती.